मडमेची राखण

पालघरच्या बाजारातले दुकानदार माझी ओटी भरवत ती माझ्या सोज्वळ चेहऱ्यामुळे, असं मी एक अख्खा हिवाळा समजून चालले होते. हसू नका. माझं वय तेव्हा वीस होतं, चेहरा खरोखरच बरा होता, आणि सासर-माहेर मिळून इतक्या लोकांनी "पोर लाघवी आहे हो" म्हटलं होतं की ते मला सरकारी शिक्क्यासारखं वाटायचं. आज ती पोर समोर आली तर आधी तिच्या वेणीला धरून दोन गुद्दे घालीन आणि मग विचारीन, "का गं भवाने, भांडेवाला कधी कुणाची फुकट ओटी भरवतो का?"

हे आठवायचं कारण माझी नात. ती परदेशी फिरायला चालली आहे. रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन माझ्या शेजारी बसते आणि तिकडच्या ठगांचे प्रकार वाचून दाखवते. कोणी मनगटाला दोरा बांधतो आणि मग पैसे मागतो, कोणी अंगावर काहीतरी सांडतो आणि पुसता पुसता पाकीट काढतो. परवा वाचता वाचता म्हणाली, "आणि आजी, तिथली एखादी गोड बाई आपल्याबरोबर बाजारात यायला लागली ना, की समजायचं हिचं दुकानात कमिशन आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. कारण पासष्ट सालानंतरच्या त्या दिवसांत बोईसरची ती गोड बाई मीच होते.

आम्ही साताऱ्याकडचे. लग्न झालं आणि नवऱ्याला तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर नोकरी लागली. क्वार्टर्स अजून उभ्या राहायच्या होत्या, म्हणून बोईसरला कुंभवलीच्या वाटेवर एका खोलीत बिऱ्हाड केलं. मागे भाताची खाचरं, पुढे धूळ. वारा समुद्राकडून आला की सुक्या बोंबलाचा वास घरात येऊन बसायचा तो पाहुण्यासारखा, जा म्हटलं तरी जात नसे. मी नाकाला पदर लावून फिरायची. शेजारणी म्हणायच्या, "घाटावरची हाय, हिला आमचा वारा सोसत नाय." मला त्यातही माझं कौतुकच ऐकू यायचं.

बांधकामावर परदेशी साहेब लोक आले होते. त्यांच्यासाठी तारापूरच्या बाजूला बैठी घरं बांधली होती. नवऱ्याच्या वरच्या साहेबाची बायको घरात बसून कंटाळली, तिला बाजार बघायचा होता, आणि साहेबानं माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुमच्या मिसेसना इंग्रजी येतं का?" नवऱ्यानं छाती फुगवून सांगितलं, "मॅट्रिक आहे, सर." मॅट्रिकला मला इंग्रजीत जेमतेम पास होण्यापुरते मार्क होते, पण ते साहेबाला कुठे माहीत?

मडम उंच होती, तोंडभर तांबूस ठिपके, डोक्यावर गवताची टोपी, पायात पुरुषी बूट. घामाचा तिला भारी त्रास. हातरुमाल पिळून पिळून घाम काढायची आणि तोच रुमाल पुन्हा तोंडाला लावायची. मला शिसारी येई. पण हसरी होती. मी तिला मराठी शिकवायला घेतलं. अगदी शुद्ध, पुस्तकातलं. "मला हे नको आहे," असं मी दहा वेळा घोकून घेतलं. चार दिवसांनी बघते तर ही आपली त्यांच्या घरामागच्या किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बायकांत बसून शिकलेली: "माला नाय पायजे! जा तिकडं!" त्या बायका तिला 'बाय' म्हणत, म्हणून ती मलाही 'बाय' म्हणायची. माझी शुद्ध भाषा तिच्या कानाच्या बाहेरच राहिली. पुढे मी नाद सोडला.

पहिल्याच दिवशी साहेबाच्या जीपमध्ये तिनं मला स्वतःच्या फसवणुकीच्या गोष्टी सांगितल्या. मुंबईत बोटीतून उतरल्यावर हमालानं सामान उचललं ते एका हॉटेलाऐवजी दुसऱ्याच हॉटेलात नेऊन टाकलं. एका ज्योतिष्यानं हात बघता बघता तिच्या बोटात माणकाची अंगठी चढवली. अंगठी निघेना, मग तिचे पैसे द्यावे लागले. घरी येऊन हात धुतला तर माणकाचा लाल रंग पाण्यात गेला. हे सगळं ती हसत सांगत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी. देशाची अब्रू की हो ही! मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "मॅडम, माझ्याबरोबर असाल तेव्हा तुम्हाला कोणी फसवणार नाही. मी राखण करीन." मग एक नियमही सांगून टाकला. "कोणी फुकट हातात काही दिलं तर घ्यायचं नाही. फुकट देणारा नंतर दुप्पट काढतो."

हा नियम मी सांगितला. मी. पुढे वाचा आणि माझ्या तोंडात मारावंसं वाटलं तर माझी ना नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी आमची जीप पालघरला जाई. ड्रायव्हर उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा, मिशीत हसणारा. मी मडमेच्या पुढे चालायची, पदर खोचून, हनुवटी वर. काय घ्यायचं ते तिनं मला हळूच सांगायचं आणि भाव मी करायचा, असं ठरलेलं. दुकानदार टोपी बघून आभाळाला भिडणारा भाव सांगे. मी "अय्या!" करून कपाळाला हात लावी, मडमेला दंडाला धरून दुकानाबाहेर ओढी. मागून हाका येत. मग दुकानदार हात जोडी, "ताई, तुमी तर आमच्या पोटावर पाय देता. मडम एकटी आली असती तं आमचं भलं झालं असतं." हे ऐकलं की मला कोण गुदगुल्या! मी भाव निम्म्यावर आणत असे आणि लढाई जिंकल्यासारखी मडमेकडे बघत असे. निम्मासुद्धा खऱ्या भावाच्या कितीतरी वर होता हे कळायला मला कधी भांडंकुंडं घ्यावं लागलं होतं? माझं सगळं रुखवतातून आलेलं.

त्या बाजारात एक भांडेवाला होता. पुढे दुकान, मागे राहतं घर, त्यामागे परसू नि गोठा. मडमेनं तिथे पहिल्यांदा पितळी घंगाळ घेतलं. खरेदी झाली आणि आतून त्याची बायको आली. अंगानं भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. म्हणाली, "नवी नवरी दिसता. पयल्यांदा आमच्या दारात आल्या, तशा कशा जाल? आत या." माजघरात पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि माझ्या पदरात तांदूळ, नारळ, सुपारी आणि चोळीचा खण घातला. अगदी सख्ख्या मावशीनं भरावी तशी ओटी. मी वाकून नमस्कार केला. तिनं "अष्टपुत्रा" म्हटलं. माझे डोळे भरून आले. परक्या मुलखात, आईपासून इतक्या लांब, कुणीतरी मला लेक मानलं!

पुढच्या खेपेला मडमेनं कळशी घेतली, पुन्हा ओटी. मग कापडवाल्याच्या आईनं भरली. मग मसालेवाल्याकडे घरातली बाई नव्हती, तर त्यानं "आमच्या बहिणीसारख्या तुमी" म्हणून गुळाची ढेप पिशवीत टाकली. बाजारात माझ्या लाघवीपणाची साथच पसरली म्हणायची. मडम दुकानात स्टुलावर बसून वाट बघे आणि मी आतून पदर सावरत, नारळ छातीशी धरून बाहेर येई. ती नुसती मान हलवून हसे. मी इंग्रजीत समजावलं, "ही आमची संस्कृती. तरुण विवाहित स्त्रीला लक्ष्मी मानतात." ती म्हणाली, "व्हेरी नाइस." आता ते "व्हेरी नाइस" आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

ड्रायव्हर जीपचं दार उघडून धरी आणि मिशीतून विचारी, "भाभीजी, आज क्या मिला?"

मी नारळ वर करून दाखवी. "देखो ना, भैया! कितने अच्छे लोग हैं!"

"बहुत अच्छे हैं, भाभीजी. बहुत ही अच्छे." आणि तो खिडकीबाहेर तोंड करून खोकत असे. मला वाटे, धुळीनं बिचाऱ्याची फुप्फुसं खराब झाली असावीत.

नवऱ्यानं एकदाच विचारलं. मी आलेल्या खणाची चोळी शिवून घालून त्याला वाढत होते. तो म्हणाला, "भांडेवाल्याकडून आपण तर काहीच घेत नाही. मग तो तुझी ओटी का भरवतो?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले. "ते माणूस बघतात."

तो वाटीतल्या आमटीकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला. त्याला कळलं असावं, पण फुकटच्या नारळांची चटणी त्यालाही आवडायची. नवरे असेच असतात.

उन्हाळा लागायच्या आधी मडमेचं परत जायचं ठरलं. साहेब राहणार, ही जाणार, कारण तिची आई आजारी होती. जाताना आईसाठी इथलं काहीतरी जुनं, खरोखर जुनं न्यायचं होतं तिला. आई म्हातारी, अंथरुणाला खिळलेली. तरुणपणी तिनं ठिकठिकाणच्या जुन्या वस्तू जमवलेल्या. मडम म्हणाली, "बाय, बाकीचा खोटा निघाला तरी चालेल. हा येक खरा पायजे." तिनं आतापर्यंत माझ्याकडे मनापासून मागितलेली ही एकच गोष्ट. मी रात्रभर कूस बदलत होते, इतकी ती जबाबदारी माझ्या अंगावर चढली.

भांडेवाल्याला सांगितलं. त्यानं डोळे मिटून मान हलवली. मग आत जाऊन जुनेराच्या चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या मुलासारखं हातांवर घेऊन आला. समई. उंच, पाचवाती, वर हंस. अंगभर हिरवट कळंक चढलेला, खाचांत काळी माती. तो कुजबुजत्या आवाजात सांगू लागला. एडवणकडच्या एका जुन्या घराण्यातली. फिरंग्यांच्या काळात देवघरातली भांडी विहिरीत टाकली होती, गाळ काढताना ही आता सापडली. घराणं बुडालं, विधवा सून विकते आहे, तिचं नाव विचारू नका, लाजेनं मरेल. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी ते सगळं इंग्रजीत केलं, वर पदरचं थोडं घातलं. विहीर मी 'अतिशय खोल' केली. सुनेला दोन लहान मुलं दिली.

मडमेनं समई हातात घेतली, उलटी करून बुड बघितलं, नखानं कळंक खरवडला, नाकाजवळ नेली. मग माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "बाय, खरा हाय?"

आणि त्या महामूर्ख पोरीनं काय करावं? मंगळसूत्राला हात लावला आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याची शपथ. खरी आहे."

मडमेनं माझ्या मंगळसूत्रावरच्या हाताकडे बघितलं. मग पर्स उघडली. किती दिले ते लिहीत नाही, लिहिताना हात विटाळेल. त्या दिवशी ओटीत नारळाबरोबर खणाऐवजी अख्खं लुगडं आलं. काठाचं, हिरवं. भांडेवालीनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मी तेव्हाही म्हणाले, "अहो, इतकं कशाला?" तीही म्हणाली, "असू द्या हो, तुमी आमच्या घरच्याच."

चार-पाच दिवसांनी नवऱ्याला पालघरला काम होतं. मी त्याच्याबरोबर गेले आणि तो कचेरीत असेपर्यंत भांडेवाल्याकडे डोकावले. घेण्यासारखं काही नव्हतं. खरं सांगायचं तर माझा जीव ओटीला चटावला होता. दुकानात नोकर होता, मालक बाहेरगावी गेलेला. मी हक्कानं आत शिरले. माजघर रिकामं, म्हणून परसात गेले.

गोठ्याच्या मागे मुताचा खड्डा होता. दोन म्हशींचं मूत नाल्यातून येऊन त्यात साचे, वर शेणाचा काला, त्यावर हिरव्या माश्यांचं मोहोळ. त्या काल्यातून हंस वर आले होते. पितळी हंस. एका रांगेत, माना ताठ, चोचीवर माश्या. समया होत्या त्या, बुडापासून गळ्यापर्यंत त्या घाणीत रोवलेल्या. भांडेवाली नाकाला पदर न लावता काठावर उभी होती आणि लाकडाच्या दांड्यानं एकेकीला फिरवत होती, लोणचं हलवावं तशी.

"या या," ती म्हणाली. काही लपवलं नाही, दचकलीसुद्धा नाही. "मडम बाहेर बसलीय का?"

"नाही. मी एकटीच आले."

"आं? मडम नाय?" दांडा थांबला. "बरं, मंग पानी घेऊन जा."

मला अजून उजेड पडला नव्हता, इतकी मी गाढव. मी तशीच उभी राहिले. नजर माजघरातल्या पाटाकडे गेली असावी, कारण ती फस्सकन हसली.

"ओटी पायजेल काय? अवो ताई, गिऱ्हाईक आणलं तं ओटी. नुसत्या आल्या तर कशाची?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? ज्यानं गिऱ्हाईक आणलं त्याचा वाटा. डायवरला रोख देतो. तुमच्यासारख्या घरंदाज बाईच्या हातावर पैसं कसं ठेवायचं? तुमी घेतलं असतं काय? म्हून मीच मालकांना बोलले, ओटी भरू. तुमचा मान ऱ्हातो, आमचा धंदा ऱ्हातो."

मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला दांड्याचा आधार घ्यावा लागला. "काय सांगता! खरंच? आमाला वाटायचं तुमी सोंग करता. काय ते भांडता, काय मडमला वडून बाहेर नेता! मालक तं बोलतात, असा दलाल मुंबईतसुद्धा नाय. आणि ती नवऱ्याची शपथ! मी आत दाराआड हुती, माज्या अंगावर काटा आला."

मला तिथेच ओकारी आली. खड्ड्याच्या काठावर बसून मी सकाळचं सगळं ओकले आणि ती बाई, जिनं मला अष्टपुत्रा म्हटलं होतं, ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "कितवा म्हैना?"

देवापुढे लावायची ती समई, मुतात बुडवलेली. आणि त्यातली एक मडमेच्या घरी, तिच्या टेबलावर. तिनं ती नाकाजवळ नेली होती. ती दूर देशी जाऊन आजारी आईच्या उशाशी ठेवणार. आणि मी कुणाची शपथ घेतली होती?

दुसऱ्या दिवशी मी सगळे खण, शिवलेल्या चोळ्या, ते हिरवं लुगडं यांचं गाठोडं बांधलं, शेजारणीला बरोबर घेऊन पालघर गाठलं आणि गाठोडं भांडेवालीपुढे आपटलं. वाटलं होतं, ती लाजेल. ती दोन पावलं मागे सरकली, कानांना हात लावले.

"नको गं बाई! ओटीत घातलेलं परत घेत नाय आमी. पाप लागंल."

पाप! म्हशीच्या मुतात समया पिकवणारी बाई मला पाप सांगत होती, आणि मनापासून सांगत होती, हेच मला सहन होईना. तिथे तिचा धर्म शाबूत होता. माझाच गेला होता. गाठोडं मी परत येताना वाटेत भीक मागणाऱ्या एका बाईला दिलं. तिनं उघडून बघितलं आणि संशयानं विचारलं, "कुनी मेलं का घरात?"

नवऱ्याला सांगितलं. तो आधी शपथेवरच अडकला. "माझ्या जिवावर समई विकलीस? माझ्या?" मग भाकरीचा तुकडा मोडत शांत झाला. "गप्प बस आता. ती परवा जाईल. तिकडे दिवाणखान्यात समई राहील, कोणाला काय कळतंय? सांगितलंस तर साहेबाला वाटेल, ह्याचीच बायको दलाली खाते. मला इथे राहायचंय."

"आणि मला?"

"तुला काय? तू नारळ खाल्लेस, मीही खाल्ले. पचले. आता झाकून टाक."

मला त्याची किळस आली. अगदी स्पष्ट लिहिते, पुढे त्याच्याबरोबर आयुष्यभर चांगला संसार झाला तरी त्या संध्याकाळी भाकरी चावणारं त्याचं तोंड मला बघवेना. त्याहून किळस आली ती माझ्या मनाची, कारण ते हळूच म्हणत होतं, हा बोलतो ते खरं आहे, झाक. मडम हसत जाईल, पत्र लिहील, आयुष्यभर म्हणेल की बोईसरला माझी एक प्रामाणिक मैत्रीण होती. न सांगितलं तर मैत्री राहते आणि सांगितलं तर जाते. पण जी राहते ती त्या खड्ड्यातल्या समईसारखीच, वरून जुनी आणि आत घाण. रात्री मला हेच सुचत होतं. आणि मडम ती समई आईच्या उशाशी ठेवणार होती, तेही.

सकाळी मी तारापूरला गेले. मिळेल त्या गाडीनं, पुढे पायी. मडमेच्या घरात लाकडी खोकी उघडी पडली होती, सगळीकडे भुसा. ती फरशीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. समई टेबलावर होती. कळंक सगळा गेलेला. कुणीतरी चिंच नि राख लावून घासघासून लख्ख केली होती. नवीकोरी, कालच ओतल्यासारखी. हंसाच्या चोचीवरसुद्धा डाग नव्हता.

मी रस्ताभर इंग्रजी वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. मोडक्या इंग्रजीत आणि शुद्ध मराठीत, दोन्ही एकदम, मी सगळं ओतलं. खड्डा सांगितला, मूत सांगितलं, ओटी सांगितली. ड्रायव्हरचं खोकणं सांगितलं. मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, एवढं इतक्या वेळा म्हटलं की माझंच मला ते खोटं वाटायला लागलं. नाक वाहत होतं, पदरानं पुसत होते. "मी तुमची राखण करणार होते," म्हणाले. "मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही विश्वास ठेवा."

मडम उठली. हाताचा भुसा झटकला. मला खुर्चीत बसवलं, लिंबाचं सरबत दिलं, आणि तोच तिचा घामट रुमाल माझ्या तोंडावरून फिरवला. मी हललेसुद्धा नाही. मग माझ्यासमोर उकिडवी बसली, अगदी मासळीवाल्या बसतात तशी, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि लहान मुलाला सांगावं तसं, शब्द शोधत शोधत, मराठीत म्हणाली:

"बाय, रडू नको. आता 'माला नाय म्हायत' असा पन बोलू नको, आपन मैत्रीन हाय. तू दलाल हाय, ते माला पयल्या दिवसापासून म्हायती. राग नाय. समई नवी हाय, ते पन माला दुकानातच कळला. पन तू नवऱ्याची शपथ घेतली ना, तवा माला वाटला, हिच्या घरात लय नड हाय. म्हून मी घेतली."